मुकादमला फोन द्या

आदरणीय विहीणबाई,

मुलीच्या बापाचा नम्र नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ते कितपत खरं आहे हे पुढे वाचालच. तुमचा गुडघा कसा आहे? व्याही सकाळी फिरायला जातात, की अजून नुसतेच बूट घालून पेपर वाचत बसतात? (हे मला कोणी कळवलं ते विचारू नये.) तुमचं पत्र मिळालं. बाळ झालं की माझी लेक त्याला घेऊन इथे चार दिवस राहायला येईल, मात्र ‘त्या कुत्र्याने’ बाळाच्या खोलीत पाऊल टाकता कामा नये, ही तुमची अट वाचली. अट रास्त आहे. ती तंतोतंत पाळली जाईल अशी मी हमी देतो. मुकादम आता राहिला नाही.

दुपारच्या वेळी, दुकानात, नुकत्याच भरलेल्या गादीवर, झोपेतच गेला. ही बातमी मला, माझ्या दोघा कारागिरांना आणि शेजारच्या चष्मेवाल्याला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला. तुमच्या सुनेला मात्र ती कळता कामा नये. तिचा रक्तदाब वाढलाय, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय, मनाला धक्का नको म्हणून बजावलंय, हे तुम्हीच मला कळवलंत. तेव्हा बाळंतपण सुखरूप होईपर्यंत मुकादमला जिवंत ठेवणं भाग आहे. तुमचा फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्राने लिहितो आहे.

तुम्ही म्हणाल, एका कुत्र्यासाठी एवढं? तुमचा त्याच्याशी परिचय एकदाच झाला, आणि तोही पाठीमागून. सोयरीक ठरवायला आला होतात, दुकानातल्या खोळींच्या ढिगावर विश्वासाने टेकलात, आणि ढीग उठून चालू लागला. तुम्ही ओरडलात त्यापेक्षा तो जास्त ओरडला होता, एवढं मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो. तरी सोयरीक मोडली नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

मुकादम हे नाव कारागिरांनी ठेवलं. आला तेव्हा ओंजळीत मावत होता, पण दुसऱ्याच दिवशी पिंजलेल्या कापसात शिरला, पांढराफटक होऊन बाहेर आला आणि कारागिरांसमोर बसून त्यांच्या हातांकडे बघू लागला. कोणी चहाला उठलं की भुंकायचा. मी मालक, पण मला कधी कोणी इतकं घाबरलं नाही. पुढे गाद्या पास करायचं कामही त्याने आपल्याकडे घेतलं. शिवून झालेली गादी जमिनीवर टाकली की हा तिच्यावर गिरक्या घ्यायचा. पटली तर आडवा व्हायचा, कुठे कापसाचा गोळा लागला तर उठून त्या जागी पंजे मारायचा. (त्याला बिस्किटाने फितवता येतं असं कारागीर म्हणत, मला ते कधी सिद्ध करता आलं नाही.) गिऱ्हाइकंसुद्धा सांगायची, “त्याने झोपून दाखवलेली द्या.” एका वकीलसाहेबांनी डबल गादी घेतली, तर हा तिच्यावरून उठेचना. शेवटी गादीसकट टेम्पोत चढला, गादीसकट वकिलांच्या पलंगावर पोचला, आणि मी त्याला आणायला गेलो तर वकीलसाहेब खाली सतरंजीवर बसले होते. मी माफी मागू लागलो तर हळूच म्हणाले, झोपलाय, थोड्या वेळाने या.

हे झालं दुकानातलं. वरच्या दोन खोल्यांत तो निराळा होता. माझी बायको गेली तेव्हा लेक शाळेत जात होती. ती बोलेनाशी झाली, आणि बोलतं करायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. मला गादी भरता येते, तेवढंच. कोणीतरी सुचवलं म्हणून पिल्लू आणलं. त्याने आल्याआल्या माझी एक चप्पल फाडली आणि पोर हसली. (मी लगेच दुसरीही त्याच्यापुढे ठेवली.) तेव्हापासून आम्ही बापलेक बोलू लागलो, पण त्याच्यामार्फत. “मुकादम, तुझ्या मालकांना सांग, भाजीत मीठ नाहीये.” “मुकादम, तुझ्या ताईला सांग, गणिताचा निकाल मला शाळेतून कळलाय.” तो बिचारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. तुमच्या चिरंजीवांबद्दलही तिने मला नाही, त्यालाच सांगितलं. मी भांडी घासता घासता ऐकलं आणि त्यालाच विचारलं, “मुलगा करतो काय?”

लग्नानंतर ती रोज संध्याकाळी फोन करते, हे तुम्ही जाणताच. माझी चौकशी दोन वाक्यांत आटोपते आणि म्हणते, “आता मुकादमला फोन द्या.” तो गेला त्या संध्याकाळीही म्हणाली. माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला, रडणंही म्हणता येणार नाही असा. तिकडून ती म्हणाली, “काय रे राजा, जेवलास का?” विहीणबाई, मी जेवलो नव्हतो. पण त्या दिवसापासून मी रोज भुंकतो आहे.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्याचा ताल असा होता, की लागोपाठ दोनदा, मग जरा थांबून एकदा, जणू राहून गेलेलं आठवल्यासारखं. पिंजायचं यंत्र चालू असलं की त्या आवाजात मी सराव करतो. कारागीर खाली मान घालून शिवत राहतात, त्यांचे उपकार आहेत. चष्मेवाला सांत्वनाला आला तेव्हा मी फोन हातात धरून भुंकत होतो. तो दारातूनच परत फिरला. हल्ली माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलतो, आणि परवा विचारत होता, मुलीकडे जाऊन राहायला काय हरकत आहे. तर विनंती अशी, की फोनच्या वेळी तुम्ही तिच्या खोलीत असावं, काहीबाही बोलत राहावं, जमल्यास एखादं भांडं पाडावं, म्हणजे तिचं माझ्या भुंकण्याकडे फार बारीक लक्ष जाणार नाही. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं सांभाळून घ्या.

तुमचा,
गादीवाला व्याही

ता. क. पत्र आमच्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे. सोबत बाळाची लहान गादी आहे. ती पास करायला कोणी नव्हतं, म्हणून मीच तिच्यावर डोकं टेकून पाहिलं. बरी वाटली.

पुन्हा ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. आताच तिचा फोन आला. मी भुंकलो. मग ती म्हणाली, “बाबा, पुरे आता, घसा बसेल तुमचा. तो वर्षभर भुंकत कुठे होता? फोनवर नुसता फुसफुसायचा. विसरलात?” विसरलो होतो, विहीणबाई. मी तरणाताठा मुकादम भुंकत होतो. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग रोज त्याला फोन द्या का म्हणायचीस, असं विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही एकटेच आहात. भुंकलात की वाटायचं, आहात बरे.” मग आम्ही दोघंही रडलो. तो मध्ये नसताना आम्ही एकमेकांशी बोललो ते हे पहिल्यांदाच.

आणखी एक. म्हणजे इतके दिवस पोर तुमच्या घरात हे दुःख एकटीच गिळून पडून आहे; कुत्र्यासाठी रडते असं सासूबाई म्हणतील, या भीतीने. तेव्हा भांडं पाडायची विनंती मागे घेतो. तिच्याजवळ बसा आणि मुकादम कसा होता ते तिला विचारा, असं लिहिणार होतो. पण टेम्पोवाला खालून ओरडतोय, की पुढच्या सीटवर जागा आहे, पत्र कसलं लिहिताय, बसा ना. मी शर्ट बदलला आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्या दाराबाहेर उभा असेन. वाचून झालं की आत बोलवा.