पायलचे गाल

सोमवार, ३ फेब्रुवारी
नातेपुत्याहून सकाळच्या एसटीने आले आणि भवानी पेठेतल्या कंपनीत एकदाची चिकटले. चार वर्षांची पायल सासूबाईंपाशी ठेवलीय; जम बसला की आणायची. काम म्हणाल तर नुसतं चाचपायचं! हातमोज्यांत नसांसारख्या बारीक तारा आहेत. ते घालून मी टॉवेल चाचपला, की तो स्पर्श कम्प्युटरात उतरतो. मग कुणीही, कुठेही बसून, डोळ्यांवर गॉगल आणि हातांत तसलेच मोजे चढवून तोच टॉवेल हाताने अनुभवायचा. कंपनीचे मृत्युंजय सर म्हणाले, गावाकडच्या बायकांचे हात फार जाणते असतात. मीही लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
टॉवेल, चादर, ज्वारीचं पीठ उतरवून झालं. शेजारच्या खुर्चीवर ईरम्मा असतात. वीस वर्षं कापड विणायच्या मागावर काढलेल्या. आज त्यांनी चहाचं तापलेलं पातेलं उघड्या हातांनी उचललं. मी ओरडले, तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे पाहिलं. कातडी सोलली होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी
आंघोळीनंतर टॉवेल हातात होता, पण त्याचा स्पर्श जाणवलाच नाही. पीठ मळतानाही तेच. ईरम्मांना विचारलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "जे उतरवून दिलं ते आपल्या हातातून गेलं बघ. हातमोजे असताना लेकराला हात लावू नको." काम सोडावं वाटतं. पण पायलला आणायचं तर याच कामाच्या जोरावर.

शनिवार, १५ फेब्रुवारी
सासूबाई न कळवता पायलला घेऊन कामावरच आल्या. दारात पोर दिसली आणि मी सगळं विसरले. दोन्ही गालांवरून हात फिरवले, कानशिलांवर बोटं मोडली. बोटं वाजलीच नाहीत. हातमोजे काढायचे राहिले होते.
सर खूश. असा स्पर्श आजवर उतरलाच नव्हता म्हणाले. मी पाया पडले, पुसून टाका म्हटलं. ते हसले.

रविवार, १६ फेब्रुवारी
सासूबाई गावी गेल्या. पायल माझ्यापाशी राहिली. तिच्या गालांवरून हात फिरवला तरी हाताला काहीच जाणवत नाही. खूप रडले.

सोमवार, १७ फेब्रुवारी, दुपार
तीनला तिकडे पुण्यात प्रदर्शन. सर हेच गाल लोकांना दाखवणार. मी कामावर गेले नाही. खोलीत आम्ही दोघीच.

तीन वाजून गेले. पायल म्हणाली, "आई, गाल कोण धरतंय?"
कुणी नाही. पण गाल आत दबला. बोटाएवढा —

सरांना फोन केला. रांग मोठी आहे म्हणाले. लोक गालांवरचे हात काढत नाहीत —

दोन्ही गाल. लाल. वळ —

डाव्या हाताने तिचा चेहरा झाकलाय. माझ्या हाताखालीच दबतंय, आणि मला काहीच —

रडणं थांबलं तिचं. तोंडावर कुणीतरी —