तपकिरी ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

ठिपका तपकिरी झाला! एकदाचा!

यीस्टच्या पेशीत कायनेज नावाचं एक हुकूम सोडणारं प्रथिन असतं, ते सारखं 'वाढा, वाढा' म्हणत असतं. त्याला आवरणारं दुसरं प्रथिन मी काढलं, तर पेशींनी उपासमारीसाठी काही साठवलंच नाही. साठा असला की आयोडीनच्या वाफेत पेशींचा ठिपका तपकिरी होतो; माझे ठिपके फिकेच राहिले. आज ते प्रथिन परत घातलं आणि ठिपका तपकिरी. म्हणजे साठा झालाय! लॅबमधल्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुन्हा करून बघ." लागलं मनाला. एक शाबासकी जड होती का?

घरी आईला फोटो दाखवला. म्हटलं, "अडीअडचणीला आपण कडक भाकरी ठेवतो ना, तसं पेशीचं. आवरणारं कुणी असलं तरच ठेवते." आई उठली. फोन घेऊन थेट शेजारी गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "बघा की, ह्यो तपकिरी ठिपका माझ्या पोरीनं आणलाय!"

पुन्हा करीन. शंभरदा करीन.