दिवेलागणीनंतरचं मीठ

त्सुकुबा, जपान, फेब्रुवारी २००६

तीर्थरूप बाबांस,

चारुदत्तचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर आडवा झालो तर उठता येणार नाही, कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? खानावळीचं जेवण मानवतंय, असं तुम्ही आईला फोनवर सांगितलंत. ते तिला मुळीच आवडलेलं नाही.

आमच्या या बैठ्या घरांच्या रांगेत बर्फ पडला की तो वितळावा म्हणून प्रत्येकाने आपापल्या दारापुढे मीठ टाकायचं असतं. यंदा पाळीने मिठाच्या कोठीची किल्ली आमच्या घरी आली आणि किल्लीमागून नियम आले. मिठाचं पाणी गटारातून तळ्यात उतरतं आणि तळ्याचं पाणी भातशेतीला जातं, म्हणून पोती छपराखाली, फळीवर, वर ताडपत्री. सांडलेलं मीठ धुवायचं नाही, कोरडं झाडून उचलायचं. एका घराला एक डबा, तोही मागायला येईल त्यालाच. आणि किल्ली ज्याच्या हातात, त्याने स्वतःच्या दारासाठी मीठ काढायचं नाही, घरातल्या दुसऱ्याने येऊन मागायचं. (का, ते विचारू नये. मी विचारलं, तर त्यावर बैठक भरली.) मी उजाडायच्या आत ऑफिसला निघतो, रविवारीसुद्धा, म्हणून किल्ली आईच्या कमरेला गेली. नियम ऐकून ती पहिल्यांदाच जपानी लोकांबद्दल चार शब्द बरे बोलली. दुसऱ्या दिवशी कोठीपुढे रांगोळी होती आणि चपला बाहेर काढाव्या लागत होत्या.

मग बर्फ पडला. ऑफिस लवकर सुटलं, म्हणून तिन्हीसांजेला मी घरात शिरत होतो, तेवढ्यात रांगेचे अध्यक्ष ओगावा-सान डबा घेऊन आले. आईने नुकताच देवापुढे दिवा लावलेला. दिवे लागल्यावर मीठ घराबाहेर गेलं तर लक्ष्मी जाते, आणि इथे तर पोतीच्या पोती! हे खायचं मीठ नाही, रस्त्याचं आहे, असं मी परोपरीने सांगितलं. तिने चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"खारट आहे. म्हणजे मीठच," ती म्हणाली.

लक्ष्मीचं प्रकरण जपानीत कुठे सांगत बसू? म्हटलं, तळ्याच्या काळजीपोटी आई रात्री मीठ देत नाही. ओगावा-सान कमरेत वाकले आणि वाकलेलेच मागे मागे जात थेट फाटकाशी पोचले. ते चालत नव्हते, घसरत होते.

तेव्हापासून रोज रात्री दारात बर्फ गोठतो, मी शेवटच्या गाडीने येतो आणि आपल्याच उंबऱ्यापुढे आपटतो. आई दार उघडून "आलास?" विचारते. मी मीठ मागतो. ती दिव्याकडे बोट दाखवते. (ऑफिसात मी हल्ली उशीवर बसतो.) अंधारात काही दिसत नाही, पण सगळी रांग अशीच आपटत असणार. पहाटे बर्फ झाडणारे शेजारी मला पाहून वाकतात, रोज जरा जास्तच. बाबा, मला या वाकण्याची भीती वाटते. घर ऑफिसचं आहे. तक्रार गेली तर आईसकट मी रस्त्यावर येईन.

बाकी सर्व क्षेम (पाठ सोडून).

तुमचा,
चारुदत्त

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं: तुमची तब्येत बिघडल्याचं आईला कळवा. थोडीशीच. म्हणजे ती लवकर परत निघेल.

ता. क. (लीलावतीकडून) पोस्टात टाकायला दिलं म्हणून वाचलं. तुम्ही खोटंखोटं आजारी पडू नका. रांगेतले सगळे आता दुपारीच येऊन मीठ नेतात, ओगावा तर चहा घेऊन जातात. सगळ्यांची दारं कोरडी आहेत. उजेडी मागायला येत नाही तो फक्त आपला. इतक्या लांब आले, पण अजून पोराचं तोंड मी दिव्याच्याच उजेडात बघते आहे. एकदा ऊन असताना घरी ये, म्हणावं. मीठ देईन, गरम थालीपीठही देईन.