बोयानला चालू देऊ नका

बेला पालान्काजवळची रस्त्यावरची खाणावळ,
२२ डिसेंबर, दुपार

आई,

गुडघा कसा आहे? लाकडं फोडायला शेजारच्या व्हुटोला बोलाव, स्वतः कुऱ्हाड उचलू नकोस. ही विचारपूस आधीच उरकून घेते, कारण आज मी भयंकर चिडलेली आहे आणि चिडचिडीत ती राहून जाईल.

हे पत्र तुला किरोकाका देईल. पार्सलांची व्हॅन घेऊन तो व्हिएन्नाहून आपल्या बेर्कोवित्साला चालला होता, जेवायला इथे थांबला, तर दारात मी. आता घेवड्याचं सूप आणि अर्धा पाव संपवून तो व्हॅनमध्ये झोपलाय. दोन तासांनी उठून निघेल, तेवढ्यात मला हे लिहून संपवायचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तू आधी रडतेस आणि मग मी माझं बोलणं सोडून तुझी समजूत काढत बसते. आम्ही त्याच्याबरोबर का आलो नाही असं विचारशील. व्हॅनमध्ये जागा नव्हती.

सीमेच्या थोडं अलीकडेच आमची गाडी बंद पडली आहे. सगळे सुखरूप आहोत, घाबरू नकोस. पण इथवर कसे पोचलो ते ऐक, म्हणजे तुझा जावई किती हुशार आहे ते तुला कळेल.

निघायच्या आदल्या दिवशी मोमचिलनं जाहीर केलं की ऑस्ट्रियाच्या हायवेचा टोलचा स्टिकर घ्यायचा नाही. का, तर गावांतून जाणारे रस्ते फुकट आहेत. हंगेरीतही तेच. मी म्हटलं, "अरे, डिसेंबर आहे, गाडी अठरा वर्षांची आहे आणि मागे सव्वा वर्षाचं पोर आहे." तो म्हणाला, "राली, तुला नकाशा वाचता येत नाही, म्हणून तू घाबरतेस." मग काय, गावोगावची चर्च बघत चाललो. प्रत्येक गावात पन्नासची मर्यादा, प्रत्येक दोन गावांमध्ये एक ट्रॅक्टर, आणि प्रत्येक ट्रॅक्टरमागे मोमचिलच्या शिव्या. पहिल्या दिवशी जेवढं अंतर कापलं, तेवढं हायवेनं दुपारच्या जेवणाआधी कापलं असतं. वाचलेल्या पैशांचं पेट्रोल जळलं, पण हे त्याला बोलून दाखवायची सोय नाही.

हिटर फक्त पुढे चालतो. म्हणजे आम्ही दोघं घामाघूम आणि मागे बोयान तीन स्वेटर आणि तुझी लोकरी टोपी घालून. अंग इतकं जाडजूड झालं की सीटचा पट्टा लागेना. पट्टा लावायचा म्हटलं की तो पाठ ताणून असा कडक होतो की दोन माणसांना आवरत नाही. डायपर बदलायचं ते डिकीत, बर्फाच्या वाऱ्यात. ओले रुमाल पाकिटातच गोठले होते, ते मी माझ्या काखेत धरून गरम करत होते. दही ओकून झालं, केळं ओकून झालं. हंगेरीत मोमचिलच्या मित्राच्या मावसभावाकडे फुकट झोपायचं ठरलं होतं. गेलो तर त्या माणसाला आम्ही येणार हे माहीतच नव्हतं. त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरात गादी टाकून दिली आणि सकाळपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तुझं फर्मान, "बोयानला चालू देऊ नका!"

आई, तुझ्या मनात काय होतं ते मला कळतं. सव्वीस तारखेला तू सगळ्या गल्लीला बोलावलंस. अंगणातला बर्फ काढून पांढरी चादर अंथरायची, गोल पाव घरंगळत सोडायचा, पोर त्याच्या मागे पावलं टाकणार, आणि ताटातलं जे उचलेल, कात्री, पेन, चमचा, बाबांची मोजपट्टी, तेच त्याच्या नशिबी. मध आणलास, कणीक आणलीस, ताटही घासून ठेवलं असशील. पण पाऊल पडून गेल्यावर पाव सगळेच करतात. तुला ते पाऊलच तुझ्या डोळ्यांसमोर पडायला हवं होतं. म्हणून तीन आठवडे आम्ही नवराबायको या पोराचे पाय जमिनीला लागू देत नाही आहोत. मोमचिलच्या मानेची शीर धरली. माझ्या कंबरेचं तर विचारूच नकोस. तपासणीला गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून चालत नाही?" मी काय सांगू त्यांना, आजीची परवानगी नाही म्हणून?

काल सकाळी निश सोडल्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. एका कोबीच्या ट्रकवाल्यानं दोरी बांधून इथवर ओढत आणलं. खाणावळीच्या मागेच गॅरेज आहे. मेकॅनिकचं नाव ड्रागिशा. त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पाण्याचा पंप गेलाय. नवा निशहून येईल. चोवीसला."

मोमचिल म्हणाला, "भल्या माणसा, चोवीसला आमची नाताळची संध्याकाळ आहे! सगळं घर जेवायला वाट बघत असेल."

"तुमची आहे. आमची जुन्या पंचांगानं, सहा जानेवारीला. माझ्या हिशेबानं तुम्ही दोन आठवडे लवकरच आलायत," असं म्हणून त्यानं दोन पेले राकिया ओतली. मोमचिल प्यायला. मी रागानं आत निघून आले.

खाणावळ स्नेझाना नावाच्या बाईची आहे. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच मोठ्यानं बोलणारी. वरची खोली तिनं आम्हाला जवळजवळ फुकटच दिली. आता कालची दुपार सांगते. ही सांगायची नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. तुला सव्वीसला अंगणात पहिलं पाऊल दाखवायचं आणि आपणही आश्चर्य वाटल्यासारखं करायचं. मोमचिलनं तर चेहरा कसा करायचा तेही मला करून दाखवलं.

मी आत बाटली धूत होते. मोमचिल आणि ड्रागिशा टेबलाशी पंपाच्या किमतीवरून हुज्जत घालत होते. आता हुज्जत घालायला आपल्या माणसाला दोन्ही हात लागतात, म्हणून मोमचिलनं पोराला खाली उभं केलं, खुर्चीला धरून. मी दारातून पाहिलं तर बोयाननं खुर्ची सोडली होती. स्टोव्हजवळ मांजर बसलं होतं, त्याच्याकडे तो निघाला. एक, दोन, तीन, चार. पोट पुढे, हात वर, आणि चेहऱ्यावर इतका मोठा विचार की जणू याला कुठे वेळेवर पोचायचंय.

आणि मी ओरडले, "पकड त्याला!"

आई, माझ्या मुलानं पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर पकड त्याला. मोमचिलनं झेप घेऊन त्याला उचललं, चोर पकडावा तसं. बोयान किंचाळून रडला. असा तो गोवराच्या इंजेक्शनलाही रडला नव्हता. त्याला कळेचना की त्यानं चुकीचं काय केलं.

स्नेझाना हातातला झारा घेऊनच बाहेर आली. "वेड लागलंय का तुम्हाला? पोर चालतंय तर चालू द्या की!"

"त्याच्या आजीला बघायचंय पहिलं पाऊल," मोमचिल म्हणाला. "आम्ही राखून ठेवलंय."

"राखून? पाऊल आहे की लोणचं?" मग ती माझ्याकडे वळली. "आजीनं बघायचं, ठीक आहे. आणि आईनं नाही का बघायचं?"

मी पोराला घेऊन वर गेले आणि त्याला जमिनीवर ठेवलं. म्हटलं, चाल बाबा. पण तो बसून राहिला. संध्याकाळभर उठलाच नाही. मला वाटलं, मी त्याचं चालणंच मोडलं. आज सकाळी उठला तेव्हा पलंगाला धरून उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, मी ओरडते का ते बघितलं, आणि मग निघाला. मी तोंडावर हात दाबून बसले होते.

स्नेझाना म्हणाली, आमच्याकडेही पाव करतात, आत्ता भट्टीत घालते. मी नको म्हटलं. म्हटलं, पाव माझी आई करणार आहे. तो तुझाच आहे, आई. तेवढा मी कुणाला करू दिलेला नाही.

आता व्हॅनचं सांगते. जागा होती. किरोकाकानं पुढच्या सीटवरची खोकी मागे टाकली. म्हणाला, "बस राली, पोराची सीट मध्ये बसते. रात्रीच्या जेवणाआधी तुला आईच्या, त्सेनाच्या, दारात उतरवतो. नवरा येईल मागून गाडी घेऊन." मोमचिलला एवढा आनंद झाला की तो धावत जाऊन बोयानच्या चारही बॅगा घेऊन आला. आणि मी म्हटलं, मी जात नाही.

"म्हणजे? थंडीत दोन दिवस इथे काढणार? पोराला घेऊन?"

"हो."

"अगं, पण का?"

"त्या बॅगा खाली ठेव आधी."

चार बॅगा, आई. एवढ्याशा पोराच्या नाताळच्या सुटीला चार बॅगा लागत नाहीत. त्यात त्याचे उन्हाळ्याचे शर्ट आहेत. पुढच्या मापाचे सँडल आहेत, ते मी अंदाजानं दोन नंबर मोठे घेतले, कारण जुलैत त्याचा पाय केवढा असेल ते मला दिसणार नव्हतं. दुकानात बाई म्हणाली, घालून बघा ना. मी पैसे देऊन पळत बाहेर आले.

ऑगस्टमध्ये आपलं ठरलं होतं की तो तीन वर्षांचा होईपर्यंत तुझ्याकडे राहील. आमच्या तिकडे पाळणाघरात जागा नाही, माझी वृद्धाश्रमातली नोकरी सुटली तर घरभाडं निघत नाही, सगळं खरं आहे. तू म्हणालीस, "तुझ्या वेळी मला जमलं नाही, ते याच्यासाठी करीन." खोलीला पिवळा रंग दिलास. लहान पलंग आणलास. मोमचिल तेव्हापासून एकच विचारतोय, "तिला काय तोंडानं सांगशील?" म्हणून तोंडानं सांगत नाही, लिहिते आहे. मी त्याला तुझ्याकडे ठेवणार नाही. आम्ही चोवीसला येऊ आणि तीन जानेवारीला तिघंही परत जाऊ. मी रात्रपाळी मागणार आहे, मोमचिल दिवसा गोदामात. आम्ही एकमेकांना जिन्यात भेटू. जमेल का, मला माहीत नाही. तू आमच्याकडे ये असंही म्हणवत नाही, कारण अकरा वर्षं परक्या देशात परक्या म्हातारीची सेवा केल्यावर तू पुन्हा सीमा ओलांडणार नाहीस असं देवासमोर म्हटलंयस.

तुला वाटेल, ही मला शिक्षा देते आहे. तू ग्रीसला गेलीस त्याची. तसं नाही. तू गेलीस म्हणून घरात चूल पेटली, हे पेनाआजीनं मला रोज सांगितलं आणि मला ते पटलेलं आहे. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. ती सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल.

मी सहा वर्षांची असताना तू दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी आलीस. मी आजीच्या मागे लपून विचारलं, "ही बाई कोण?" तू ती गोष्ट अजून पाहुण्यांना हसून सांगतेस. ऑगस्टमध्ये मी रडायला लागले तेव्हा मलाही सांगितलीस. म्हणालीस, "घाबरू नकोस, या वयात मुलं विसरतात. तू नव्हतीस का विसरली? त्याला काही आठवणार नाही." त्या एका वाक्याच्या आधारावर मी त्या बॅगा भरल्या.

आई, मी तुला ओळखलं होतं. बस वळणावर थांबली आणि तू उतरलीस तेव्हाच, अजून तुझा चेहराही नीट दिसत नव्हता. सकाळपासून मी खिडकीत बसले होते. मला धावत यायचं होतं आणि मी आले नाही. तुला लागावं म्हणून विचारलं, ही बाई कोण. तुझ्या हातातली बाहुली खाली पडली. मग तू न्हाणीघरात गेलीस आणि बराच वेळ नळ सोडून ठेवलास. मी दाराबाहेर उभी होते. आत यायचं धैर्य झालं नाही, आणि पुढे इतकी वर्षं सांगायचंही झालं नाही.

मी एक दिवसही विसरले नव्हते. बोयानही विसरणार नाही.

किरोकाकाची व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. काच पुसतोय. पत्र वाचून तू रडशील, रड. शेजारणींना काय सांगायचं ते तू ठरव. चोवीसला दार उघडलंस तर तो तुझ्याकडे चालत येईल. नाही उघडलंस, तर उघडेपर्यंत आम्ही पायरीवर बसू.

तुला बस थांबताक्षणीच ओळखलेली,
राली