दाजींच्या तलावाची बुचं

जोलिएट, ४ डिसेंबर

प्रिय दाजी,

फेर्नांचा तुम्हाला वाकून, आणि ताईला जरा कमी वाकून नमस्कार (ती माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी आहे, हे तिला अधूनमधून कळलेलं बरं). तुमचा नवा खुबा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की तुम्ही आता काठीशिवाय समुद्रापर्यंत जाता आणि तिथे खुर्च्या टाकून बसलेल्या आपल्याच मुलखातल्या म्हाताऱ्यांशी हॉकीवरून भांडता. ऐकून जिवाला बरं वाटलं. इथे पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ आहे, मी मजेत आहे, आणि तुमचा पोहण्याचा तलाव वरून तरी उत्तम दिसतो.

बावीस वर्षं तुम्ही ऑक्टोबरातल्या सणाच्या सोमवारी तो तलाव स्वतःच्या हातांनी बंद केलात आणि दुसऱ्या कोणाला त्याच्या नळ्यांकडे नीट बघूही दिलं नाहीत. यंदा खुब्यापायी तुम्हाला सप्टेंबरातच फ्लोरिडाला जावं लागलं आणि विमानतळावर तुम्ही ती निळी वही माझ्या हातात दिलीत, तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरलेलो नाही. "फेर्नां, नळीत पाणी राहिलं तर गोठेल, नळी फुटेल, आणि मे महिन्यात मला सगळा काँक्रीटचा काठ फोडावा लागेल. त्यानंतर मी तुला फोडीन." दाजी, मला राग नाही आला. अठ्ठ्याण्णव साली मी तुमच्या बोटीच्या तळाचं बूच लावायला विसरलो आणि बोट धक्क्याला बांधल्याजागी बुडाली, ही गोष्ट दर नाताळला जेवणाच्या टेबलावर निघते (आणि दर वर्षी बोट दोन फुटांनी लांब होते). या खेपेला तुमचा तलाव शाबूत ठेवायचा आणि ती बोट कायमची विसरायला लावायची, असा माझा पक्का निश्चय होता. माझी सगळी अब्रू तुमच्या नळ्यांत होती म्हणा ना.

वहीत काम सोपं दिसतं. पंपाकडून नळीत हवा सोडायची, तलावातल्या तोंडातून बुडबुडे आले की पाणी निघालं असं समजायचं, आणि हवा चालू असतानाच पाण्यात हात घालून त्या तोंडात रबरी बूच बसवून त्याची चाकी पिळायची. तोंडं दोन, डावं आणि उजवं. पण एक माणूस यंत्रापाशी लागतो आणि एक पाण्यापाशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही (दर वर्षी यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या ताईला तुम्ही माणसांत धरत नाही, हे मी तिला सांगणार आहे). मी तुमच्या गॅरेजमधला कचरा ओढायचा मोठा व्हॅक्यूम उलटा जोडला, बटण दाबलं आणि पाण्याकडे धावलो. बुडबुडे आले, आणि त्यांच्यामागून तुमच्या बावीस वर्षांच्या सुतारकामाचा भुसाही आला. यंत्राचं पोट आधी रिकामं करायचं असतं, हे मला पाणी मटाराच्या सूपासारखं दिसायला लागल्यावर सुचलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "अहो, तलाव बंद करताय की रंगवताय?"

ही सोलांज. तुम्ही गेल्यावर शेजारच्या पिवळ्या घरात राहायला आली. नवरा नळकाम करायचा. तो गेला, त्याची यंत्रं राहिली, आणि ती नवऱ्यापेक्षा लवकर सुरू होतात असं तीच सांगते. मी काही बोलायच्या आत तिने हातगाडीवर घालून कंप्रेसर आणला, वही उघडून पाहिली, "अक्षर छान आहे," म्हणाली आणि मिटून ठेवली.

"पोटावर आडवे व्हा. हात घाला पाण्यात."

"घातलाय."

"खांद्यापर्यंत घाला. लोणी चाचपताय का?"

"गार आहे हो पाणी!"

"ऑक्टोबर आहे. गार नसतं तर मी अंघोळीलाच आले असते."

तिने हवा सोडली आणि तोंडातून असे काही बुडबुडे उसळले की मी पालथा पडल्यापडल्या ओरडलो. तासाभरात दोन्ही बुचं घट्ट झाली. भुसाही तिने जाळीने काढला. नंतर तिने घरी भाजलेली, साखरेचं सारण भरलेली पाय आणली आणि आम्ही तुमच्या (माफ करा, ताईच्या) झोपाळ्यावर बसून ती संपवली. माझी बायको जिनेत मला सोडून गेली त्याला अकरा वर्षं झाली, दाजी. त्या अकरा वर्षांत दुपार कशी गेली ते कळलं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

पण तुमची बुचं काही धड नाहीत. पुढच्या शनिवारी पाहतो तो डावं सैल! पुन्हा सोलांज, पुन्हा कंप्रेसर, पुन्हा मी पोटावर, आणि सफरचंदाची पाय. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनेच हाक मारली, उजवं सैल दिसतंय म्हणून. मग परत डावं. चौथ्या शनिवारी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, समोरचे ट्रेम्ब्ले नवराबायको आपापल्या खुर्च्या घेऊन बघायला आले. त्या दिवशी परत उजवं सैल. काठाला बर्फाची साय धरली होती. माझा हात एवढा बधिर झाला की बोटं आहेत की गेली ते कळेना, तेव्हा सोलांजने हवा बंद केली, माझा हात बाहेर ओढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागली. मी तसाच पालथा होतो, तसंच विचारून टाकलं.

ती म्हणाली, "आधी उठा, हात पुसा, आणि माणसासारखं विचारा."

मी उठलो, हात पुसला, विचारलं. ट्रेम्ब्ले मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही सगळे सोलांजकडे जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी मी तलावावर झाकण ओढलं, दोऱ्या आवळल्या, आणि झालं. लग्न जूनमध्ये आहे. ते तुमच्या तलावाकाठी व्हावं एवढी परवानगी द्या, दाजी. जिथे जमलं तिथेच करावं असं दोघांच्याही मनात आहे.

तुमचा लाडका (निदान एकुलता एक) मेहुणा,
फेर्नां

ता. क. तुमच्यापासून काय लपवायचं? बुचं चांगली आहेत. पहिल्याच दिवशी नळ्या कोरड्या ठाक होत्या. डावं बूच दर वेळी मीच शुक्रवारी जाऊन सैल करत होतो. उजवं आपोआप कसं सैल होतं ते मला कळलं नाही. मी ती देवाची कृपा समजलो. सोलांजला यातलं काही बोलू नका.

ता. क. २. ताईला नमस्कार लिहिते म्हणून सोलांजने पत्र घेतलं ते सगळंच वाचलं, आणि हसत हसत जमिनीवर बसली. उजवं ती सैल करत होती. आता वांधा असा झालाय की नऊ तारखेला उजवं बूच परत कोणी पिळलं, हे दोघांनाही आठवत नाही. ती म्हणते मी, मी म्हणतो ती. तलावावर वीतभर बर्फ आहे.

ता. क. ३. बूच सापडलं. माझ्या कोटाच्या खिशात आहे.

तेव्हा खरी विनंती अशी की यंदा मे महिन्यात परत येऊ नका. तिथली हवा खुब्याला मानवते म्हणता ना, मग थेट लग्नाच्या आदल्या दिवशी या. तोवर काठ फोडून, नळी बदलून, नवं काँक्रीट ओतून आम्ही तुमची वाट बघत असू. सोलांज आत्ताच तळघरात पहार शोधायला गेली आहे, आणि दाजी, खालून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येतोय.