लाल कापडातली तंबाखू

८ सप्टेंबर, सोमवार
विद्यापीठाच्या सलोखा समितीचा अध्यक्ष झालो. उशिरा का होईना, योग्य माणूस सापडला. दोन संकल्प. एक : इथल्या मूळ रहिवासी क्री लोकांवर जो अन्याय झाला, तो वर्षाअखेरपर्यंत मिटवणे. दोन : सिगारेट बंद. बायको दुसऱ्यावर हसली. मग पहिल्यावरही हसली.

१० सप्टेंबर
समितीचं प्रशिक्षण. क्री वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी हातात तंबाखू द्यायची. समोरच्याने ती घेतली की शब्द दिला, मग माघार नाही. सही नाही, शिक्का नाही! मी वहीत दोनदा लिहून काढलं. बाकीचे सदस्य मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते. डोकं फिरतं अशा माणसांनी.

१५ सप्टेंबर
सलोखा केंद्राला जागा हवी. खोली ११४ ठरवली. नदीकडे उघडणारी खिडकी, ऊन. सध्या तिथे मिसेस ऑलिव्ह मूसटूस क्री भाषा शिकवतात. वय एक्क्याऐंशी, विद्यार्थी नऊ. नऊ! सही करून टाकली. तूर्तास समितीची नारिंगी पोस्टर्स तिथे ठेवली आणि चावी खिशात.

१७ सप्टेंबर
त्या वर्गातली शेल्बी नेपूस तावातावाने आली. म्हणाली, सर, वर्गाआधी आम्ही औषधी पाला जाळून त्याची धुरी घेतो, ती त्याच खोलीत चालते, बाकी सगळीकडे अलार्म बोंबलतो. पंधरा ऑक्टोबरच्या पाचपर्यंत खोली मिळाली नाही तर कार्यालय वर्गच रद्द करणार. तिच्या आजोबांना शाळेत क्री बोलले म्हणून पट्ट्याने मारायचे, म्हणून पुढे घरात कुणी बोललंच नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे, आमच्या पोस्टरवर लिहिलंय. तर म्हणते, मग पोस्टरलाच शिकवा क्री.
उद्धट कार्टी! कुणासाठी झिजतोय मी?

२२ सप्टेंबर
तीस तारखेच्या सलोखा दिनाच्या कार्यक्रमात मिसेस मूसटूसनी प्रार्थना म्हणायला हवी. रीतसर तंबाखूची पुडी आणली.

२३ सप्टेंबर
पुडी उघडली. ताजी आहे की नाही हे बघायला नको? एकच वळून ओढली. ही सिगारेटमध्ये धरायची नाही.

२६ सप्टेंबर
पुडी दिली. अर्धी होती. बाईंनी आत बघितलं, मग माझ्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. पुडी परत सरकवून म्हणाल्या, राहू दे बाळा, तुलाच जास्त गरज दिसते. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. बाळा? मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे! संतापाने उरलेली ओढून टाकली.

३० सप्टेंबर
कार्यक्रम. आपण क्री लोकांच्या जमिनीवर उभे आहोत, ही कबुली मी स्वतः वाचली. आवाज मुद्दाम थोडा कापरा ठेवला. टाळ्या. मिसेस मूसटूस आल्याच नाहीत. जिन्यात वर्ग घेत होत्या म्हणे. कृतघ्नपणाला काही मर्यादा? त्यांचा तो बॅनॉक पावही माझ्यापर्यंत येईतो संपला.

६ ऑक्टोबर
जिंकलो! मिसेस मूसटूस स्वतः केबिनमध्ये आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. लाल कापडात बांधलेली तंबाखू दोन्ही हातांनी पुढे केली. म्हणाल्या, आमचा वर्ग आमच्या खोलीत भरू दे, एवढंच मागणं आहे. मी दोन्ही हातांनी घेतली. अखेर बाईंना माझी किंमत कळली.

८ ऑक्टोबर
उत्तम तंबाखू. बायकोने विचारलं, खोली दिलीस का? म्हटलं, समितीची बैठक वीस तारखेला आहे, प्रक्रिया असते. ती म्हणाली, घेताना कुठे होती प्रक्रिया? जेवण अर्धवट टाकून उठलो.

१५ ऑक्टोबर, दुपारी चार
जिन्यावरून खाली येत होतो. वळणाखाली मिसेस मूसटूस पायरीवर, कोट घालूनच, भोवती नऊ जण. एकजण म्हणाला, आजी, पाच वाजता वर्ग रद्द होणार. बाई म्हणाल्या, नाही होणार, त्याने तंबाखू घेतलीय. आणि पुढचा शब्द शिकवू लागल्या. पोरं मागून म्हणू लागली. शेल्बीने मान वर करून मला पाहिलं. मग वहीत शब्द उतरवू लागली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
खिशात हात घातला. चावी आणि रिकामं लाल कापड.

साडेचार
बैठक गेली खड्ड्यात. खोली परत देत असल्याची मेल कार्यालयाला लिहायला घेतली. एका ओळीचं काम. पण अध्यक्षाची मेल, सुरुवातीला जमिनीची कबुली हवीच. ती नीट उतरेना. चारदा खोडली.

पाच वाजून दोन मिनिटं
पाठवली. आपोआप उत्तर आलं : कार्यालय पाचला बंद झालं आहे, मुदत संपली आहे. वर त्यांचीही जमिनीची कबुली होती. माझ्यापेक्षा चांगली लिहिलेली.
चिडायला कुणीतरी शोधतोय. माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.
जिन्यातून अजून क्री ऐकू येतंय. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगायला मीच जायला हवं.

रात्री
मागच्या दाराने बाहेर पडून घरी आलो.