शनिवारचा पिस्तुलाचा क्लास

७ जानेवारी, शनिवार
परवान्याशिवाय कोटाखाली पिस्तूल बाळगू द्यावं, हे बिल यंदा राज्याच्या विधिमंडळात पुन्हा आलं आहे. माझा पाठिंबा आहे. बायबल बाळगायला परवाना लागत नाही, मग याला का, असं मी आमच्या बंदूक क्लबात पूर्वीपासून म्हणतो. पास मात्र होणार नाही. दरवर्षी अडतं. काळजीचं कारण नाही.
आज सहा जण आले. परवान्यासाठी दिवसभराचा क्लास सक्तीचा आहे, आणि या काउंटीत तो माझ्या तळघरात चालतो. दुपारी वाडगाभर चिलीचा रस्सा आणि दालचिनीचे रोल. ऑक्टोबरात बायको, आर्लिस, गेली, तेव्हापासून रोल दुकानातले. तेही संपले. सगळे गेल्यावर संध्याकाळ लांबली.

१९ जानेवारी
क्लबचा सेक्रेटरी व्हर्लिन कुबिक म्हणतो, यंदा मतं आहेत. त्याला दरवर्षी असंच वाटतं. बिलावरच्या सुनावणीत मी बोलावं म्हणाला, शिकवणाऱ्याच्या शब्दाला वजन असतं. कबूल केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.
समजा पास झालंच, तरी लोक येतील. सक्ती नसताना येणारा विद्यार्थी जास्त चांगला.

२ फेब्रुवारी
भाषण तयार. तीन मिनिटांचं. स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. ऐकायला कोणी नसल्यामुळे कसं झालं ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी, लिंकन
राजधानीत सुनावणी झाली. आधी बिलाच्या बाजूचे बोलतात, मग विरोधातले, शेवटी तटस्थ. वेळ संपला की टेबलावर लाल दिवा लागतो.
बिलाच्या बाजूच्यांना बोलावलं तेव्हा उठलो नाही. गर्दी होती. व्हर्लिनने मागून ढोसलं. विरोधकांना बोलावलं तेव्हा उठावंसं वाटलं, पण सगळा क्लब बघत होता. तटस्थांत मी एकटाच निघालो.
भाषण खिशातच राहिलं. क्लासबद्दल बोललो. शेतावर एकटी राहणारी बाई येते, रात्रपाळीची नर्स येते, दुपारी सगळे एका टेबलावर जेवतात. माझी बायको रोलचं पीठ आदल्या दिवशीच मळून ठेवायची. इथे लाल दिवा लागला.
अध्यक्षबाईंनी विचारलं, "ब्रँट साहेब, तुम्ही बिलाच्या बाजूने की विरुद्ध?"
मी म्हणालो, "बाई, शनिवारी क्लास असतो."
लोक हसले. एकंदरीत छाप चांगली पडली.
परतताना व्हर्लिनने गाडीतला रेडिओ लावला, बंद केला. मग म्हणाला, हीटर वाढवू का.

२८ मार्च
आमच्या सिनेटर ओस्टरमननी सभागृहात माझं नाव घेतलं. म्हणाले, खुद्द शिकवणारा सांगतो की लोक तिथे जेवायला आणि गप्पा मारायला जातात, मग सक्ती कशाला? त्यावर दोन डळमळीत मतं वळली म्हणे.
व्हर्लिनचा फोन. "अरे लेलंड, काय डोकं लावलंस रे! आम्ही तुला वेड्यात काढत होतो."
मी म्हणालो, तसा विचार होताच. अजूनही अडेल असं वाटतं.

१९ एप्रिल
पास झालं. सप्टेंबरपासून लागू. क्लबात पार्टी. मला उभं करून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन जेवलो नाही, पार्टीत पोटभर झालं होतं. काय काय होतं ते आठवत नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार
दोघंच आले. निवृत्त नवराबायको, घराएवढी गाडी घेऊन देश हिंडणार. काही राज्यांत परवाना अजून लागतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अशी माणसं पुष्कळ असणार.
पेपरात जाहिरात दिली: क्लास चालू राहील, जेवण मोफत.
रोल स्वतः करायला घेतले आहेत. पहिली खेप विटेसारखी झाली. आर्लिसने कृतीत लिहिलंय, दूध नेहमीइतकं.

९ सप्टेंबर, शनिवार
कायदा लागू झाल्यानंतरचा पहिला क्लास. रोल चांगले फुगले. खुर्च्या मांडल्या. जास्त मांडल्या नाहीत, उगाच रिकाम्या दिसतात.
दहाच्या सुमारास गाडी वाजली. व्हर्लिन, अंगात लाल जर्सी. फुटबॉलच्या मॅचला निघाला होता. आत ये म्हणालो. क्लबची मंडळी गाडीत थांबलीत म्हणाला. रोल बांधून दिले, सगळेच दिले. तो दारातच घुटमळला.
"आम्ही बोलत होतो रे तुझ्याबद्दल. आर्लिसच्या मागे दर शनिवारी परक्यांना जेवू घालायचं, तू कधी बोलला नाहीस, पण कळत होतं आम्हाला. सुटलास बाबा एकदाचा."
मी म्हणालो, हो, सुटलो.
गाडी वळेपर्यंत दारात उभा होतो. हवा छान होती, म्हणून.
आणखी कोणी आलं नाही. मॅचचा दिवस आहे, त्याचा परिणाम असणार.
पुढच्या शनिवारी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं आहे.